पडल्यावर पक्ष नेमकं कशाचं चिंतन करतात?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना सांगितलं होतं की निवडणूक हरल्यावर पक्ष आपलं म्हणणं कसं बदलतात, किंवा का बदलत नाहीत, याबद्दल काय विचारायचं असेल ते बिनधास्त विचारा. पत्रं आली, व्हॉट्सअॅप आले, दोघांनी तर व्हॉइस नोट पाठवल्या. बरेच प्रश्न एकाच मुद्द्यावर होते म्हणून सहा निवडलेत. नावं द्यायची नाहीत असं बहुतेकांनी कळवलं होतं, त्यामुळं फक्त गाव दिलंय.

निफाडहून एक शेतकरी वाचक : लोकसभेला आमच्या भागात महायुतीचा सुपडा साफ झाला आणि विधानसभेला त्याच गावांनी त्यांनाच भरभरून दिलं. साडेपाच महिन्यात असं काय झालं? लोक कांदा विसरले का?

विसरले नाहीत, असं मला वाटतं. आधी आकडे डोळ्यापुढं ठेवू. ४ जून २०२४ ला निकाल लागला तेव्हा राज्यातल्या ४८ पैकी महायुतीला १७, महाविकास आघाडीला ३० आणि सांगलीत अपक्ष एक. भाजप २८ जागा लढला आणि ९ वर आला, आधी त्यांच्या २३ होत्या. पण दोन्ही आघाड्यांच्या मतांमधला फरक अर्धा टक्कासुद्धा नव्हता! म्हणजे जागांच्या हिशोबात धूळधाण झाली पण मतांच्या हिशोबात जमीन हललेली नव्हती, आणि हे हरलेल्यांनी जिंकलेल्यांपेक्षा लवकर ओळखलं.

आता कांदा. तुम्ही निफाडचे, तुम्हाला मी काय सांगणार, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, मार्चअखेर उठेल म्हणून सांगितलं होतं, ती पुढं वाढवली. एप्रिलमध्ये पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची परवानगी दिली आणि तो कांदा मुख्यतः गुजरातचा, म्हणजे जखमेवर मीठच. मग ४ मे ला बंदी उठवली पण ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवलं. दिंडोरी-नाशिकचं मतदान २० मे ला. त्याच्या पाच दिवस आधी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा चालू असताना गर्दीतला एक तरुण उठून ओरडला, 'कांद्यावर बोला'. आख्ख्या जिल्ह्याच्या मनातलं त्या दोन शब्दांत आलं होतं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, निवडून आले भास्कर भगरे, शिक्षकी पेशातले, आणि नाशिक पण गेलं.

मग काय झालं ते क्रमानं बघा, कारण क्रम महत्त्वाचा आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फडणवीसांनी जबाबदारी घेतली आणि सरकारमधून मोकळं करा म्हणाले. पण त्याच वेळी संविधान बदलणार हे विरोधकांचं खोटं नॅरेटिव्ह होतं असंही सांगणं सुरू झालं. म्हणजे अर्धी कबुली आणि अर्धी तक्रार. ('चारशे पार कशाला, तर घटना बदलायला' हे भाजपच्याच एक-दोन नेत्यांनी बोलून ठेवलं होतं, ते विरोधकांनी फक्त उचललं. हे मान्य करायला त्यांना जड गेलं.) पण कांद्याचं तसं नव्हतं, तिथं नॅरेटिव्ह म्हणून हात झटकता येत नव्हते. तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या शिंदेंनी जूनमध्येच जाहीर सांगितलं की नाशिक पट्ट्यात कांद्यानं आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीन-कापसानं आम्हाला रडवलं. ऑगस्टमध्ये अजित पवार म्हणाले की बहिणीविरुद्ध बायकोला उभं करायला नको होतं. आपल्याकडं नेता असं बोलतो तेव्हा लोक ते लक्षात ठेवतात.

कबुलीनंतर काम. १३ सप्टेंबरला कांद्याचं किमान निर्यात मूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० वर आणलं. शेतीपंपाला साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीज माफ. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ. आणि सगळ्यात मोठं म्हणजे २८ जूनच्या बजेटात लाडकी बहीण, महिन्याला १,५०० रुपये, आणि राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३,००० खात्यात पडले पण. दिवाळीपर्यंत ७,५०० झाले. ही कल्पना मध्य प्रदेशातून आली, तिथं शिवराजसिंह चौहानांनी २०२३ मध्ये लाडली बहना आणली होती आणि त्याच वर्षाच्या शेवटी भाजप तिथं जिंकला. २०२२ मध्ये जो पक्ष फुकट वाटपाला 'रेवडी कल्चर' म्हणून टीका करत होता त्यानंच ही वाट धरली. याला कोणी ढोंग म्हणेल, कोणी शहाणपण म्हणेल. मी म्हणेन पराभवानं त्यांना आपल्याच बोलण्याचा एक तुकडा सोडायला लावला, आणि काही न सोडता नुसत्या नव्या घोषणा दिल्या असत्या तर नोव्हेंबर तसा दिसला नसता.

निकाल तुम्हाला माहितीये, भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजित पवार ४१. नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ महायुती. दिंडोरी लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा त्यांनीच घेतल्या.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्याच मोहिमेत 'बटेंगे तो कटेंगे' पण होतं. ती घोषणा मला तेव्हा पटली नव्हती, आज पण पटत नाही, आणि इथं हे चालणार नाही असं अजित पवारही उघड बोलले होते. तेव्हा महायुतीनं फक्त कांद्यातून धडा घेतला असं लिहिलं तर ते अपुरं होईल. एका हातात खात्यातले पैसे होते आणि दुसऱ्या हातात भीती होती, कुणाचं मत कशानं गेलं हे बूथवरच्या आकड्यांतून कळत नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक इथं आहे : महायुती *सत्तेत असताना* हरली होती. सत्तेतल्या पक्षाला आपलं म्हणणं जीआर काढून बदलता येतं, बँकेच्या एसेमेसनं बदलता येतं. विरोधातल्या पक्षाकडं फक्त शब्द असतात. शेतकऱ्याला आधी ट्रॉलीतल्या मालाचा भाव दिसतो, भाषण त्याच्या नंतर.

लंडनहून एक वाचक (मूळच्या डोंबिवलीच्या) : इथं लेबर पार्टीचं उदाहरण नेहमी दिलं जातं, हरून हरून बदलली म्हणून. भारतातल्या पक्षांना त्यातनं काही घेण्यासारखं आहे का?

आहे, पण जे नेहमी सांगतात ते नाही. नेहमी सांगतात की टोनी ब्लेअर आले आणि सगळं चकाचक झालं. ब्लेअर नेते झाले जुलै १९९४ मध्ये. लेबर हरायला लागली १९७९ पासून, ८३, ८७, ९२, सलग चार वेळा. म्हणजे बदलाची खरी मेहनत आधीच्यांनी केली आणि तीही टप्प्याटप्प्यानं, धडपडत.

१९८३ चा जाहीरनामा इतका लांबलचक आणि इतका आपल्याच कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला होता की त्यांच्याच पक्षाचे खासदार जेराल्ड कॉफमन त्याला इतिहासातली सगळ्यात लांब सुसाइड नोट म्हणाले. २०९ जागा आल्या. मग नील किनक आले. त्यांनी १९८६ मध्ये लाल झेंड्याऐवजी लाल गुलाब आणला, लोकांनी टिंगल केली, चिन्ह बदलून काय होतं म्हणून. आणि खरंच फार काही झालं नाही, ८७ ला परत हरले. मग त्यांनी धोरणांचा आढावा घ्यायला घेतला, एकतर्फी अण्वस्त्रं सोडून देण्याची भूमिका टाकून दिली. पक्षातल्या जुन्या लोकांसाठी हे म्हणजे घरातले देव बाहेर काढण्यासारखं होतं. तरीही ९२ ला परत हरले!

याच्यानंतर जे झालं ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गाइल्स रॅडिस नावाचे एक खासदार होते, त्यांनी फेबियन सोसायटी या लेबरशी जोडलेल्या विचारसंस्थेसाठी दक्षिण इंग्लंडातल्या अशा मतदारांना गाठलं ज्यांनी लेबरला मत द्यायचा विचार केला होता पण दिलं नाही. आपले हक्काचे नाहीत आणि कट्टर विरोधकही नाहीत, तर दारापर्यंत येऊन परत गेलेले लोक. त्यांना विचारलं का परत गेलात. उत्तरं झोंबणारी होती : तुम्ही आमचं कमावलेलं काढून घ्याल असं वाटतं, आम्ही घर घेतलं, पुढं गेलो याचा तुम्हाला आनंद नाही असं वाटतं.

ब्लेअरनी यावर दोन गोष्टी केल्या. एक, पक्षाच्या घटनेतलं कलम चार, जे १९१८ पासून होतं, उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची हवीत असं सांगणारं, सदस्याच्या कार्डावर छापलेलं, ते २९ एप्रिल १९९५ च्या खास अधिवेशनात बदलून घेतलं. ते कलम कोणी अमलात आणणार नव्हतंच, सगळ्यांना माहीत होतं. तरी भांडण अंगावर घेतलं, कारण बाहेरच्या माणसाला दिसायला हवं होतं की हे लोक आपल्याच लोकांशी भांडायला तयार आहेत. दुसरी म्हणजे खिशात मावेल एवढं कार्ड, त्यावर पाच वचनं. पाच-सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात तीसपेक्षा जास्त पोरं नसतील, दवाखान्याच्या वेटिंग लिस्टमधल्या आणखी एक लाख पेशंटवर उपचार, अशी. आणि खाली ओळ होती की हे कार्ड जपून ठेवा आणि आम्ही शब्द पाळतो का बघा. १९९७ ला ६५९ पैकी ४१८ जागा.

आता गंमत बघा, २०२३ ला कर्नाटकात काँग्रेसनं हेच केलं, पाच गॅरंटी, सिद्धरामय्या आणि शिवकुमारांच्या सह्या असलेलं कार्ड घरोघर. २०१९ ला राहुल गांधींनी वर्षाला ७२,००० ची न्याय योजना आणली होती, रक्कम कितीतरी मोठी होती, पण मतदानाला पंधरा-वीस दिवस राहिले असताना आणली आणि लोकांना ती खरी वाटली नाही. कर्नाटकात रक्कम छोटी होती, गृहलक्ष्मीचे दोन हजार, दोनशे युनिट वीज, बाईला बसचं तिकीट फुकट. पण ते मोजता येत होतं. १३५ आले. तेव्हा डोंबिवलीकर ताई, घ्यायचंच असेल तर हे कार्ड घ्या, आणि त्याच्या आधीची रॅडिसांची पायपीट घ्या. नुसता गुलाब घेऊन भागणार नाही.

छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थी : प्रत्येक पराभवानंतर समिती नेमतात. रिपोर्ट कधी वाचायला का मिळत नाही? मिळाला तर फरक पडेल का?

२०१४ ला काँग्रेस ४४ वर आली तेव्हा ए. के. अँटनींची समिती नेमली. तिनं ऑगस्टमध्ये रिपोर्ट दिला आणि तो काही जाहीर झाला नाही. असे रिपोर्ट बाहेर येत नाहीत कारण खरा रिपोर्ट लिहिला तर त्यात नावं येतात, आणि ज्यांनी समिती नेमली त्यांचं नाव पहिलं येऊ शकतं. त्यामुळं समितीलाच आतून कळत असतं कुठपर्यंत लिहायचं.

पण तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी अमेरिकेचं बघ, तिथं रिपोर्ट जाहीर केला होता. २०१२ ला ओबामांविरुद्ध मिट रॉम्नी पडले तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीनं मार्च २०१३ मध्ये शंभरेक पानांचा रिपोर्ट काढला. लोक त्याला पोस्टमॉर्टेमच म्हणायचे. स्पष्ट लिहिलं होतं की आपण जुनाट म्हाताऱ्या पुरुषांचा पक्ष वाटतो, लॅटिनो लोकांना वाटतं आपल्याला ते नकोत, इमिग्रेशन कायद्यात सुधारणा करा. एवढा खरेपणा मी कुठल्या पक्षाच्या कागदावर पाहिला नाही. जूनमध्ये सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ नं बिल पास पण झालं, त्यात काही रिपब्लिकन पण होते. मग खालच्या सभागृहानं ते मतदानाला घेतलंच नाही. आणि २०१४ मध्ये त्यांचे त्या सभागृहातले दोन नंबरचे नेते एरिक कँटर आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायचं पक्षांतर्गत मतदान) एका जवळपास अनोळखी प्राध्यापकाकडून हरले, त्यांच्याविरुद्ध मुद्दा होता की हे इमिग्रेशनवर मऊ आहेत. २०१६ ला ट्रम्प आले, रिपोर्टच्या अगदी उलट बोलले आणि जिंकले.

म्हणजे रिपोर्ट चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी सोडून गेलेल्यांचं ऐकलं पण जे पक्षात होते त्यांचं ऐकलं नाही, त्यांना वाटलं हे कुठं जातायत. आपल्याकडं प्रायमरी नसते म्हणून हा राग तिकीटवाटपात आणि बंडखोरीत बाहेर येतो एवढाच फरक. तू राज्यशास्त्र शिकतोयस असं लिहिलंयस, तर जमलं तर यावर प्रोजेक्ट कर : आपल्या तालुक्यात मागच्या तीन निवडणुकांत किती बंडखोर उभे होते आणि प्रत्येकानं कुणाची किती मतं खाल्ली. त्या यादीत तुला समितीपेक्षा जास्त सापडेल.

अमरावतीहून एक वाचक : महाविकास आघाडी लोकसभा जिंकूनही विधानसभेला एवढी कशी आपटली? आणि ईव्हीएमचं काय?

उद्धव ठाकरेंची सेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांचा पक्ष १०. मला वाटतं आघाडीचा खरा घात लोकसभेच्या विजयानं केला. हरलेला रात्री जागा राहतो, जिंकलेला झोपतो. जूनमध्ये जे मुद्दे चालले, संविधान, गद्दार, खोके, तेच नोव्हेंबरला परत वाढले. मधल्या काळात मुख्यमंत्री कोण यावर आणि विदर्भातल्या जागांवर जाहीर ओढाताण चालू राहिली. लाडक्या बहिणीवर आधी विचारलं की पैसे आणणार कुठून, आणि ६ नोव्हेंबरला स्वतः महालक्ष्मी योजना जाहीर केली, महिन्याला ३,०००. आता एखाद्या बाईच्या खात्यात ७,५०० आलेत आणि समोरचा म्हणतोय मी दुप्पट देईन, पण चार महिन्यांपूर्वी तोच म्हणत होता तिजोरीत पैसे नाहीत. ती कुणावर विश्वास ठेवेल? मला आघाडीचं वाईट वाटलं ते इथं, कारण सोयाबीनचा मुद्दा त्यांच्या हातात होता, हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्याही खाली भाव, तुमच्या अमरावतीच्या यार्डात पण, आणि ते बोलत होते पण मुख्य आवाज तो नव्हता.

ईव्हीएमबद्दल. माळशिरस तालुक्यात मारकडवाडीनं डिसेंबरमध्ये स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं, ते प्रशासनानं होऊ दिलं नाही. मतदार यादीबद्दल, शेवटच्या तासातल्या मतदानाबद्दल विरोधकांनी प्रश्न विचारले, निवडणूक आयोगानं आरोप फेटाळले. प्रश्न विचारणं हा हक्क आहे आणि उत्तर नीट, कागदासकट मिळालं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पक्षाच्या बैठकीत हा एकच विषय राहिला तर दुसरं काही शिकायची वाट बंद होते. मशीननं हरवलं म्हटलं की जाहीरनामा, उमेदवार, गटबाजी सगळं एका फटक्यात निर्दोष सुटतं. दोन्ही कामं वेगळ्या लोकांना द्यायला हवी होती, वकिलांनी यादी बघावी आणि बाकीच्यांनी गावात जावं.

जिंकलेल्यांनाही हेच लागू आहे म्हणा. लाडक्या बहिणीचे २१०० रुपये करू म्हणून सांगितलं होतं, मार्च २०२५ च्या बजेटात ते आले नाहीत.

रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षक : पराभव झाला म्हणून पक्षानं विचारच बदलायचे का? मग तत्त्व कशाला म्हणायचं?

गुरुजी, यावर १९८४ बघा. भाजपला आख्ख्या देशात दोन जागा, एक गुजरातेत मेहसाणा आणि एक आंध्रात हनमकोंडा. वाजपेयी स्वतः ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून पडले. चार वर्षांपूर्वी मुंबईतल्या पहिल्या अधिवेशनात कमळ फुलेल म्हणून तेच बोलले होते आणि तेव्हा पक्षानं गांधीवादी समाजवाद स्वीकारला होता, जुन्या जनसंघाच्या लोकांना तो कधी आपला वाटला नाही. पराभवानंतर कृष्णलाल शर्मांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला, प्रश्न अगदी मुळातले होते, जनता पक्षात विलीन होणं चुकलं का, परत जनसंघ करायचा का. उत्तर आलं की नाव भाजपच ठेवा पण जनसंघाच्या जुन्या विचाराला, एकात्म मानववादाला, परत मध्यभागी आणा. मग १९८६ ला अडवाणी अध्यक्ष, १९८९ ला पालमपूरच्या बैठकीत अयोध्येतल्या राममंदिराचा ठराव, शिवसेनेशी युती, ८५ जागा.

म्हणजे लेबर पराभवानंतर मधल्या मतदाराकडं सरकली आणि भाजप उलट आपल्या मुळाकडं गेला, आणि दोघंही वाढले. त्यामुळं 'हरलात तर मधे या' हा नियम खोटा आहे. भाजपच्या त्या वळणाची देशानं मोठी किंमत मोजली असं मला मनापासून वाटतं, पण पक्ष म्हणून त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न खरा होता : आपण जे बोलतोय ते आपल्यालाच पटतंय का. लोकांना हे लगेच कळतं. तुमच्यासमोर चाळीस वर्षं पोरं बसली, तुम्हाला माहितीये पाठ केलेलं उत्तर कसं ऐकू येतं.

सांगोला तालुक्यातून एक कार्यकर्ती : आमचं पॅनल ग्रामपंचायतीला पडलं. पुढच्या आठवड्यात चिंतन बैठक ठेवलीय. मी पहिल्यांदाच अशा बैठकीला बोलणार आहे. काय बोलू?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मी पाहिलेली एक बैठक सांगतो. तेव्हा मी एका पक्षाचं बूथचं काम करायचो, नाव सांगत नाही. झेडपीला आम्ही पडलो होतो. मंगल कार्यालयात बैठक, आधीच्या लग्नाची फुलं अजून कमानीला होती, स्टेजवर नऊ खुर्च्या, खाली सतरंजी. अडीच तास बोलणी झाली. पहिला म्हणाला पैसा कमी पडला, दुसरा म्हणाला त्यांनी जातीवर नेलं, तिसरा म्हणाला आपलं काम लोकांपर्यंत पोचलंच नाही, आपण प्रचारात कमी पडलो. सगळे माना हलवत होते. मग मागून एक बाई उठल्या, बचत गटाच्या अध्यक्ष होत्या, माइक त्यांच्यापर्यंत गेलाच नाही तशाच बोलल्या. म्हणाल्या, 'काम पोचलं नाही म्हणता, टँकर तरी कुठं पोचला? आधी तुमच्या आळीत रिकामा व्हायचा मग आमच्या वस्तीवर यायचा, तळाचा गाळ घेऊन. आम्ही पाच वर्षं ते पाणी गाळून प्यायलोय.' खाली बसल्या. कोणी काही बोललं नाही. मग चहा आला.

संध्याकाळी इतिवृत्त लिहिलं गेलं, ते लिहिणाऱ्याच्या शेजारी मी बसलो होतो. त्यात पैसा होता, जात होती, प्रचार होता. टँकर नव्हता. मी तेव्हा काही बोललो नाही याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या वेळी परत पडलो आणि त्या वस्तीवरच्या बूथवर आमची मतं आणखी कमी झाली होती.

तेव्हा तुम्ही काय बोलायचं ते नंतर ठरवा, आधी या आठवड्यात एवढं करा. वॉर्डवार मतं घ्या आणि मागच्या वेळची त्याच्या शेजारी लिहा, जिथं सगळ्यात जास्त घसरलं तो वॉर्ड निवडा. तिथं पॅनलचा उमेदवार घेऊन जाऊ नका, गाडी घेऊन जाऊ नका, तुम्ही आणि अजून एक बाई अशा दोघीच जा, दुपारी बाया मोकळ्या असतात तेव्हा. ज्यांनी मागच्या वेळी तुम्हाला दिलं आणि या वेळी नाही त्यांच्याकडंच बसा, गावात ते सगळ्यांना माहिती असतंच. 'का दिलं नाही' असं विचारू नका, त्यात जाब विचारल्यासारखं होतं. 'पाच वर्षांत आमच्याकडून काय राहिलं' असं विचारा आणि मग गप्प बसा, कितीही चुकीचं वाटलं तरी मधे खुलासा करू नका, कारण तुम्ही खुलासा केलात की ती बाई 'बरं बरं' म्हणेल आणि पुढचं सांगणार नाही. ती जे शब्द वापरेल तेच वहीत लिहा, आपल्या भाषेत करू नका. 'नळाला पाणी नाही' आणि 'व्हॉल्व्ह फिरवणारा तुमचा माणूस आमचा फोन उचलत नाही' यात फार फरक आहे, पहिल्याला योजना लागते, दुसरं उद्या सकाळी सुटतं.

बैठकीत ती वही वाचून दाखवा, बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल. कोणी म्हणेल हे सगळं विरोधकांनी पढवलंय, त्यांच्याशी वाद घालू नका, पुढचं पान वाचा. आणि इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या. ते काम कुणालाच नको असतं, त्यामुळं तुम्हाला मिळेल.